मला नाव सांगता आलं नाही

पोलिसांची गाडी अंगणात शिरली तेव्हा मामा दाढी करत होते. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी मान वळवून गाडी पाहिली आणि घरात हाक दिली, "च्या टाका गं. ठाण्यातली मानसं आल्याती."

त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. आयुष्यातली कितीतरी वर्षं ते गावचे पोलीस पाटील होते. हायवेला अपघात झाला, बांधावरून डोकी फुटली, कुणाची बैलजोडी चोरीला गेली, की गाडी आधी आमच्या दारात यायची. निवृत्त झाल्यावरही ठाण्यातली जुनी माणसं किकवीत आली की मामांना भेटल्याशिवाय जात नसत. त्यामुळे त्यांनी टॉवेल हातात घेतला, ओट्यावर खुर्च्या मांडल्या आणि हसून पुढे झाले.

ओळखीचे हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांच्यासोबत दोन अनोळखी माणसं होती, एक तरुण महिला अधिकारी आणि लॅपटॉपची बॅग घेतलेला एक पोलीस. दोघं दुसऱ्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडून आले होते. अधिकारी बाईंनी कागद पाहून माझं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "या इथंच राहतात?"

मामांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "आमची सूनबाई हाय ती," ते म्हणाले. "तिचं काय काम हुतं?"

मी दारातच उभी होते. सायबर पोलीस म्हटल्याबरोबर मला कळलं होतं त्या कशासाठी आल्यात ते. असा दिवस येऊ शकतो हे मला माहीत होतं. फक्त तो मामांच्या अंगणात, मामांच्या देखत येईल असं मी कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या बहिणीमुळे. आमचं माहेर भाटघरचं. धाकटीला वेल्ह्याच्या डोंगराकडच्या एका वाडीत दिली होती. नवरा कमावता, बोलायला गोड. लग्नानंतर वर्षभरात तिच्या लक्षात आलं की ती फोनवर काय बोलते, कुणाला काय लिहिते, काय वाचते, हे सगळं त्याला माहीत असतं. त्यानं तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं. एकदा तिनं इंटरनेटवर घटस्फोटाबद्दल काहीतरी वाचलं आणि त्याच दिवशी तिचा हात पिरगाळला गेला. हाड मोडलं. दवाखान्यात तिनं जिन्यावरून पडले असं सांगितलं.

मी पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, बहुतेक काम घरूनच. ती माहेरी आली तेव्हा मी तिला माझा जुना फोन दिला, तोही नवऱ्याला सापडला तर काही कळू नये अशा तयारीनिशी. जगात एक निनावी जाळं आहे. वेगवेगळ्या देशांतली साधी माणसं आपापले संगणक त्यासाठी देतात. तुम्ही पाठवलेली गोष्ट त्यातल्या तीन संगणकांतून फिरून जाते. पहिल्याला ती कुणाकडून आली एवढंच कळतं, शेवटच्याला ती कुठं जायची एवढंच, आणि मधल्याला यातलं काहीच नाही. त्या जाळ्यातून बहिणीनं एका महिला केंद्राशी बोलणं सुरू केलं. शेण काढता काढता, गोठ्यात, ओढणीखाली फोन धरून. काही महिन्यांनी एका सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन भोरच्या एसटीत बसली ती परत त्या वाडीत गेली नाही. आता भोरमध्ये शिवणकाम करते. तिची मुलगी शाळेत जाते.

ज्या संगणकांतून तिचे ते शब्द गेले ते कुणाचे होते हे मला कधीच कळणार नव्हतं. कुणाचे आभार मानायचे हेही नाही. म्हणून मी आमच्या खोलीतला एक जुना संगणक त्या जाळ्याला जोडला, मधल्या टप्प्याचा. त्यानं कुणाला काही त्रास होत नाही. पण मला कळत गेलं की जाळ्याला खरी गरज असते ती शेवटच्या टप्प्याच्या संगणकांची, बाहेरच्या टोकाची. ती जबाबदारी कुणी घेत नाही, कारण जगाला दिसतो तो त्याच संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता. त्यातून कुणी काही वाईट केलं तर दार वाजतं ते त्या संगणकाच्या मालकाचं. घरच्या इंटरनेटवरून असलं टोक चालवू नये हे मी वाचलं होतं. मी शहरातल्या एका कंपनीचा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि माझ्या खऱ्या नावानं, किकवीच्या खऱ्या पत्त्यानं ते टोक सुरू केलं. लपवण्यासारखं काही करत नव्हते, मग नाव कशाला लपवायचं असं मला वाटलं.

तक्रारी पहिल्या आठवड्यापासूनच यायला लागल्या. तुमच्या पत्त्यावरून चोरीचा सिनेमा उतरवला गेला, तुमच्या पत्त्यावरून आमच्या दुकानाच्या साइटवर कुणीतरी पासवर्ड लावून पाहतोय, तुमच्या पत्त्यावरून घाण लिहिली गेली. सर्व्हरवाली कंपनी त्या मला पाठवायची आणि वर लिहायची, लवकर उत्तर द्या. मी द्यायचे. हा संगणक निनावी जाळ्याचा टप्पा आहे, तो माझ्या वापरातला नाही, आतून कोण जातं याची नोंद ठेवली जात नाही आणि ठेवता येत नाही, तुम्हाला हवं असेल तर हा पत्ता तुमच्याकडे असा बंद करता येईल. ज्या वाटांनी फालतू मेल जास्त जायचे त्या मी बंद केल्या. बहुतेक लोक उत्तर वाचून गप्प व्हायचे. एकदोघांनी धन्यवादही लिहिले. सकाळी भाकरी झाल्या की चहाचा कप घेऊन मी त्या तक्रारींना बसायचे, जसं कुणी अंगण झाडतं तसं. मामा विचारायचे, "आज कुनाचं गाऱ्हानं?" मी सांगायचे. एकदा मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. ऐकून ते म्हणाले होते, "म्हंजी तू टपालवाली. पाकीट फोडायचं न्हाई, फुडं द्यायचं." त्यांना ते पटलं होतं.

आता अधिकारी बाई ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोरचा चहा निवत होता. त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. त्यांच्या जिल्ह्यातली, नर्सिंगला शिकणारी. लग्न ठरलेलं. कुणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं, तिच्या चेहऱ्याचे नको ते फोटो तयार केले आणि ते नवऱ्या मुलाच्या घरी, कॉलेजात, गावातल्या लोकांना पाठवले. लग्न मोडलं. ते खातं ज्या पत्त्यावरून उघडलं गेलं तो पत्ता माझा होता.

मी सगळं सांगितलं. जाळ्याच्या पत्त्यांची जाहीर यादी दाखवली, त्या तारखेला माझा पत्ता तीत होता हे दाखवलं. माझ्या सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की एक पान उघडायचं, हे टोक काय आहे आणि तक्रार कुठं करायची ते सांगणारं. तेही दाखवलं. बाईंना यातलं बरंच माहीत होतं. त्या ओरडल्या नाहीत, उर्मट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, मला तुमचं म्हणणं कळतंय. पण माझ्याकडे पुढे जायला एवढाच धागा आहे. मला तुमची यंत्रं न्यावी लागतील."

पंचनाम्याला पंच लागतात. हवालदार मामांकडे पाहून घुटमळले. मामाच उठले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारात पंच गोळा करून देणारा माणूस आमच्याच कुंपणापाशी गेला आणि शेजारच्या दोघांना त्यांनी हाक मारली, "जरा या हितं. सह्या करायच्यात." आवाज नेहमीचाच होता. पण त्यांच्या अर्ध्या गालावर साबण वाळून पांढरा झाला होता आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. सासूबाईंनी जाऊन पदरानं तो पुसला. सगळ्यांच्या देखत. त्या घरात मी कधी सासूबाईंना मामांच्या चेहऱ्याला हात लावताना पाहिलं नव्हतं.

जुना संगणक, माझा ऑफिसचा लॅपटॉप, माझा फोन, नवऱ्याचा फोन, इंटरनेटचा डबा, सगळं पिशव्यांत घालून लाखेनं मोहोरबंद झालं. नवरा शिरवळच्या कारखान्यात पाळीला होता, त्याचा फोन त्या दिवशी नेमका घरी राहिला होता. त्याला संध्याकाळी घरी येताना कळलं, तेही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून. गाव आमच्या आधी त्याला सांगून मोकळं झालं होतं.

पुण्याच्या एका वकीलबाईंनी माझं प्रकरण घेतलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "दुसऱ्याची माहिती नुसती पुढे नेणाऱ्याला कायदा मध्यस्थ म्हणतो," त्या म्हणाल्या, "आणि काही अटी पाळल्या तर त्याला संरक्षण देतो. तुम्ही त्यात बसता असं मी म्हणेन. समोरचा म्हणेल बसत नाहीत, नोंदी का ठेवल्या नाहीत ते सांगा. घरात बसून एकट्यानं हे चालवणाऱ्या माणसाबद्दल कोर्टानं काही ठरवून दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे तुम्ही गुन्हेगार नाही. पण तुम्ही मोकळ्याही नाही."

जबाबाला त्या दुसऱ्या जिल्ह्यात जायचं होतं. नवऱ्याला रजा मिळेना. मामा म्हणाले, "म्या येतो." स्वारगेटहून पुढच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले, डोक्यावर टोपी, खिशात त्यांचं जुनं पोलीस पाटलाचं ओळखपत्र. ते तिथं कुणाला दाखवणार होते कोण जाणे. दाखवलं नाही. मी आत जबाब देत होते तेवढा वेळ ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले. बाहेर आले तर एका शिपायाला ते समजावत होते, "नुसतं टपाल फुडं द्यायचं काम हाय तिचं, वाचायचा हक न्हाई." शिपाई मान डोलवत होता, त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

अधिकारी बाईंनी शेवटी सांगितलं, "तुम्ही केलेलं नाही हे मला दिसतंय. मी तसंच लिहिणार आहे. पण ज्यानं केलं तो तुमच्या दारापर्यंत येऊन नाहीसा झालाय." मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय परत मिळणार नव्हता. कंपनीनं मला काढलं नाही, पण ज्यात जबाबदारी आहे असं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते मी सोसलं असतं. गावातल्या बायका विहिरीवर माझ्याशी बोलताना मोबाईल पदराआड धरायला लागल्या, तेही सोसलं असतं.

मग तो माणूस आला.

भाताची कापणी चालली होती. दुपारी मी जेवण घेऊन शेतावर निघायच्या तयारीत होते, मामा पाय दुखतो म्हणून ओट्यावर आणि सासूबाई आत. फाट्यावर उतरून विचारत विचारत एक जण आला. पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. त्यानं मामांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मी त्या पोरीचा बाप. एसटीत कंडक्टर हाय. आज सुट्टी हुती म्हणून आलो."

मामांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. माझ्याकडे वळला.

"ताई, मी भांडायला आलो न्हाई. तुमी केलं न्हाई हे मॅडमनी सांगितलंय मला. मला फक्त नाव सांगा. पोलिसांत जाणार न्हाई, कोर्टात तुमचं नाव घेणार न्हाई. माझ्या मनाशी ठेवीन."

"दादा, मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी पोलिसांना सांगितलं असतं."

"म्हाईत कसं नसंल? तुमच्याच मशीनमधनं गेला की तो."

मी त्याला सांगायला लागले, तीन टप्पे, पहिल्याला काय दिसतं, शेवटच्याला काय दिसत नाही. अधूनमधून तो मान हलवत होता, आणि मला कळत होतं की तो ऐकत नाही, माझं बोलणं संपायची वाट पाहतोय.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या गाडीत कोण कुठं चढला, कुठं उतरला, मला म्हाईत असतंय. चेहरा बघितल्याशिवाय मी तिकीट फाडत न्हाई. तुमच्या गाडीतनं एक माणूस गेला, माझ्या पोरीला आयुष्यातनं उठवून गेला, आणि तुमी म्हणता चेहराच बघितला न्हाई. मग गाडी चालवता कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते उत्तर भोरमध्ये एका खोलीत ब्लाउजला हूक लावत बसलं होतं. माझ्या बहिणीचा चेहराही कुणी पाहिला नाही, म्हणूनच ती जिवंत आहे, हे मी त्याला सांगू शकले असते. माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याच्या मुलीच्या बदल्यात माझी बहीण त्याच्यापुढे ठेवायची, हे मला जमेना. त्यानं काय करायचं होतं माझ्या बहिणीचं?

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"कॉलेज सोडलंय. घरात कुनाशी बोलत न्हाई. आरशावर तिनं चादर टाकलीय." मग त्याचा आवाज फुटला. "जेवताना ताटात बघती नुसतं. माझ्याकडं बघत न्हाई. तिला वाटतं मलाबी ते फोटो खरे वाटले."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यानं घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या घरात असं झालं म्हंजे कळंल तुमाला," आणि वळला.

मामा उठले. पाय दुखत होता तरी टोपी घालून त्याच्यामागे गेले. मी ओट्यावरून पाहत होते. उसाच्या वळणापाशी मामांनी त्याला गाठलं, मग दोघं बरोबरीनं फाट्याकडे गेले. बऱ्याच वेळानं मामा परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी शेतावर जेवण घेऊन गेलेच नव्हते. डबा तसाच पडला होता.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर पेंढ्या रचताना मामा माझ्याजवळ आले. म्हणाले, "सूनबाई, एक इचारू? रागावू नको. खरंच न्हाई सांगता येत? का सांगायचं न्हाई असा नियम हाय?"

"खरंच नाही येत मामा. माझ्याकडे काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. पुढची पेंढी उचलायला वाकले. मग मी त्यांना बहिणीची गोष्ट सांगितली, पूर्ण. तिनं नवरा सोडला एवढंच त्यांना माहीत होतं. फोन, गोठा, मोडलेला हात, हे सगळं मी पहिल्यांदा कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. मामांनी ऐकून घेतलं. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या.

"दोघीबी पोरीच," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी मला ते बंद कर असं कधीही सांगितलं नाही. मीच त्या आठवड्यात शहरातला सर्व्हर बंद केला. बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती चिडली. "आक्का, माझ्यासारखी एखादी आज त्याच दारातनं निघत असंल तर?" मी म्हटलं, असेल. "मग?" दार उघडं ठेवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. ती त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलायची, आणि मला तिचा राग आला नाही.

त्यानंतर मामा फाट्यावर जाईनासे झाले. आधी रोज सकाळी पेपर वाचायला टपरीवर जायचे, तासभर बसायचे. आता पेपर घरी मागवायला लागले. कुणीतरी त्यांना तिथं म्हणालं होतं, "पाटील, आता तुमच्या घरचंच प्रकरन मिटवा की आधी." चेष्टेत म्हणालं होतं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून आले, असं नवऱ्याला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. मामांनी आम्हाला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ठाण्यातली जुनी माणसंही गावात आली तरी आमच्याकडे वळेनात. संकोच असेल. मामा गाडीचा आवाज आला की ओट्यावर येऊन उभे राहायचे, गाडी पुढं गेली की आत यायचे. मी स्वयंपाकघरातून ते बघायचे आणि मला पोळपाटावरचं पीठ दिसेनासं व्हायचं.

दिवाळी सरली, थंडी पडली. एका पहाटे सासूबाईंनी हाक मारली. मामा अंथरुणातच गेले होते, झोपेत. चेहरा शांत होता असं सगळे म्हणाले. मला तो शांत वाटला नाही, मला तो वाट पाहणाऱ्यासारखा वाटला. ठाण्यातले हवालदार अंत्यविधीला आले होते. त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाले, "लई मोठा माणूस." मामा असते तर एवढ्या शब्दावर त्यांचा महिना आनंदात गेला असता.

साक्षीदार म्हणून पुन्हा जबाबाला हजर राहायचं पोलिसांचं समन्स त्यानंतर आलं. नवा पोलीस पाटील ते घेऊन आला आणि चपला काढून, ओट्यावर न बसता, सही घेऊन गेला.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे गाडीचा आवाज, माणसांचा गलका. "ताई, ओळखलं का? मी कंडक्टर."

मी फोन घेऊन ओट्यावर आले.

"सापडला तो. मॅडमनी सोडलं न्हाई. एकदा तो तुमच्या त्या जाळ्याबाहेरनं, सरळ आपल्या मोबाईलवरनं त्या खात्यात शिरला हुता. तेवढंच चुकलं त्याचं. माझ्या चुलत भावाचा पोरगा निघाला. लग्नाच्या बैठकीत माझ्या मांडीला मांडी लावून बसला हुता तो."

"मुलगी?" मी विचारलं.

त्यानं आधी कुणाला तरी पुढे सरकायला सांगितलं.

"न्हाई घरी. तिच्या वर्गातला एक पोरगा हुता, मैतर तिचा. चांगला हुता. नाव कुनाचंच मिळंना म्हणून मी त्याला धरला हुता. त्याच्या घरी जाऊन मारलं त्याला, त्याच्या आईसमोर. त्या दिवशी ती गेली, मैत्रिनीकडं, परजिल्ह्यात. आता खरा सापडला तर मी तिला फोन केला. उचलत न्हाई. तिच्या आईचा उचलती. माझा न्हाई." मग तो सावरला. "ते राहू द्या. मामांना द्या की फोन. त्यांना सांगायचं हुतं पहिलं. त्यांचा फोनच आला न्हाई इतक्यात, नंबरबी लागत न्हाई, म्हणून मॅडमकडनं तुमचा घेतला. थंडी पडेपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा. पोरगी जेवती का, बोलती का, इचारायचे. मी कधी कधी तिरसटपनं बोललोय त्यांना. तरी करायचे. त्यांची माफी मागायचीय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मामा गेल्याचं मी त्याला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, शब्द आठवत नाहीत. त्यानं विचारलं, "कधी?" मी सांगितलं. पलीकडे कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी वाद घालत होतं, तो त्याला काहीच उत्तर देत नव्हता. मग म्हणाला, "मी गाडीत हाय ताई. मला आता बोलता येत न्हाई," आणि फोन बंद झाला.

सासूबाई परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, मामा त्या माणसाला फोन करायचे हे तुम्हाला ठाऊक होतं का.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "शेताकडं जाऊन करायचे, बांधावर बसून. तुला कळू द्यायचं न्हाई म्हनलं हुतं."

"का पण?"

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हनायचे, सूनबाईला वाटंल, माझा तिच्यावर इस्वास न्हाई म्हणून मी त्येला फोन करतोय. तसं न्हाई. तिला न्हाई नाव सांगता येत, त्येला तिचा इलाज न्हाई. पर कुनीतरी त्या बापाला इचारायला तर पायजे."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मामा गेले त्या दिवशी त्या मोठ्यानं रडल्या होत्या, आता मुकाट, खांदे हलवत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा फोडायला घेतल्या. आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.